चाळीस मेंढरांचे आर्ट डायरेक्टर

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर 'आमच्याविषयी' असं एक पान आहे. त्या पानावर सगळ्यात वर एका गृहस्थांचा फोटो आहे. डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्याला लाल पटका, हातात काठी, आणि फोटो काढणारा माणूस आपल्याला फसवायलाच आलाय अशी पक्की खात्री चेहऱ्यावर. खाली लिहिलंय, 'आर्ट डायरेक्टर'. बघणाऱ्यांना तो विनोद वाटतो. कामासाठी येणारी मुलं तर हमखास विचारतात, "हे कोण?" मी सांगते, "हे सिदामामा. तुम्ही थोडे उशिरा आलात म्हणून वाचलात."

संतोष आणि मी कॉलेजातले मित्र. पुण्यात दोघांचीही नोकरी सुखात चालली होती. मग दोघांना एकाच वेळी अवदसा आठवली आणि आम्ही सोलापुरात येऊन गेम स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे 'जुळे सोलापूर' या भागात संतोषच्या घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि एक कूलर. उन्हाळ्यात कॉम्प्युटर हँग व्हायच्या आधी आम्ही हँग व्हायचो.

गेमचं नाव 'मेंढवाट'. चाळीस मेंढरं माळावरनं, कालव्याकडनं, हायवे ओलांडून दिवस मावळायच्या आत बाजारात पोचवायची. पोचवली तर जिंकलात, दिवस मावळला तर हरलात. बंगळुरूच्या एका कंपनीला कल्पना आवडली. तीन महिन्यांत खेळता येईल असं काहीतरी दाखवा, मग पुढचं बघू, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. कोड मी लिहीत होते. चित्रं काढायला मात्र कुणी नव्हतं. संतोषला सरळ चौकोन काढता येत नाही. मला येतो, पण तेवढाच. म्हणून आम्ही इंस्टाग्रामवर जाहिरात टाकली, 'फ्रीलान्स आर्टिस्ट पाहिजेत', आणि त्याच आठवड्यात सिदामामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले.

मामा म्हणजे संतोषच्या आईचे, अक्कांचे, धाकटे भाऊ. सांगोल्याकडच्या एका वाडीत राहायचे. जन्मभर मेंढरं राखली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, डावाही त्याच वाटेला लागला, आणि मागं राहिलेलं मेंढरू दिसेनासं झालं. मुलगा कंपनीत नोकरीला, तो काही माळावर यायचा नव्हता. शेवटी मामांनी अख्खा कळप बाजारात नेऊन विकला आणि बहिणीकडं आले. उजवा डोळा लगेच झाला. शुगर जास्त निघाली म्हणून डावा लांबला, आणि मामा आमच्याकडं तीन महिने राहिले.

विकलेल्या कळपाबद्दल ते बोलायचे नाहीत. फक्त दिवेलागणीला गच्चीच्या जिन्यावर बसून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचे. एकदा मी विचारलं, "मामा, जप करताय का?"

"जप कसला, पोरी. मेंढरं मोजतोय. रोज सांजच्याला मोजायचो, सवय हाय. चाळीस भरली का बगतो." मग म्हणाले, "डॉक्टर म्हनला, नजर यील. यील की. पर तवर मेंढरं ध्यानातनं गेली म्हंजी? जनावर तर ग्येलंच, आता त्येचं तोंड बी जायाचं."

मी त्यांना चहा हवा का विचारलं.

जाहिरातीला अर्ज ढिगानं आले. नमुना म्हणून एक मेंढरू काढून पाठवा, असं आम्ही लिहिलं होतं. सगळ्यांनी एकजात पांढरंशुभ्र, गुबगुबीत, गालावर लाली असलेलं मेंढरू पाठवलं. आम्ही ते कौतुकानं बघत होतो तेवढ्यात मामा वर आले. अक्का दर दोन-तीन तासांनी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायच्या, ते चुकवायला मामांना आमचा स्टुडिओ फार सोयीचा होता. त्यांनी गॉगल कपाळावर चढवला आणि एका डोळ्यानं स्क्रीन न्याहाळली.

"ह्ये काय हाय?"

"मेंढरू, मामा."

"कापसाचं बोंड हाय. खालनं चार काड्या टोचल्यात." त्यांनी नाक स्क्रीनला टेकवलं. "आपली मेंढरं काळी आस्त्यात. कान पडल्यालं, नाक बाकदार. आन ह्येच्या पोटात काय न्हाय बग. कालपासनं उपाशी हाय ह्ये."

संतोष खो खो हसला. मी परत चित्राकडं पाहिलं, आणि खरं सांगते, ते मेंढरू मला उपाशी दिसायला लागलं. त्या दिवसापासून एकही चित्र माझ्या मनाला येईना आणि याचा मला फार राग आला. माझ्या घरून मला दिवाळीपर्यंतची मुदत होती, त्यानंतर पुन्हा पुण्याची नोकरी. आणि इथं एक डोळा झाकलेला माणूस आमची चित्रं नापास करत होता.

मामा प्रत्येक मुलाखतीला बसू लागले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण उठवायची हिंमत कुणात नव्हती. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. पुण्याच्या एका मुलानं व्हिडिओ कॉलवर आपला ड्रॅगन दाखवला. खवल्यांवर ऊन पडलेलं, पंख पसरलेले, तोंडातून ज्वाळा. आम्ही दोघं गार. मामांनी विचारलं, "ह्ये खातंय काय?"

"काका, हा ड्रॅगन आहे. हा आग ओकतो."

"वकतंय ते दिसलं. खातंय काय?"

मुलगा आपल्याच ड्रॅगनकडं निरखून बघू लागला.

"आरं, तोंड चाऱ्यावर आस्तंय. झाडपाला खानाऱ्याचं तोंड येगळं, गवत खुडनाऱ्याचं येगळं. तुला ठावं न्हाय तर तू तोंड काडलंस कसं?"

कॉल संपला. दोन दिवसांनी त्या मुलाची सहा पानी मेल आली, 'ड्रॅगनचा आहार' या विषयावर. त्यात न्याहारी वेगळी दिली होती. मामांना वाचून दाखवली तर म्हणाले, "पोरगं गुनी हाय. पर आदी इचार करून मग काडायचं आस्तंय."

दुसरी त्यांची परीक्षा चालायची. बाजारात जनावर घेताना चालवून बघतात, तसं मामा आर्टिस्टला चालवून बघायचे. नाशिकचा एक मुलगा कॉलवर आला, इस्त्रीचा शर्ट, वर टाय. मामा म्हणाले, "ऊट. चालून दाव."

तो दचकला. "म्हणजे?"

"दारापतुर जा आन ये."

तो बराच वेळ घुटमळला. मग उठला. टायच्या खाली फुलाफुलांची बर्म्युडा होती. बिचारा तशाच अवतारात दारापर्यंत गेला आणि आला. संतोषनं कॅमेरा बंद केला आणि टेबलाखाली जाऊन हसला. मामा मात्र गंभीर. "पाय चांगलं हाईत. आता सांग, दाराच्या मागं काय हुतं?"

"दाराच्या मागं? काहीतरी अडकवलंय बहुतेक."

"काय?"

"नाही लक्षात."

मामांनी आमच्याकडं मान फिरवली. "घरातलं दिसंना ह्येला. माळावरचं काय दिसंल?" आणि तोही गेला. अशानं दीड महिना गेला.

मग भाग्यश्री आली. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या अक्कलकोटची. लग्नसराईत मेंदी काढायची, रुखवताच्या पाट्या रंगवायची, दुकानांच्या शटरवर नावं लिहायची. व्हिडिओ कॉलला नेट पुरत नाही म्हणून एसटीनं सरळ येऊनच धडकली. मामांनी तिला गच्चीवरच्या टाकीपर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. ती गेली, आली.

"काय दिसलं?"

"टाकीचं झाकण उलटं ठेवलंय, त्यात पाणी साठलंय, चिमणीचं एक पीस पडलंय. दोरीवरच्या साडीला पदराकडं इस्त्रीचा डाग आहे. आणि तुम्ही मामा, माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्या डाव्या चपलेकडं बघत होता, तार लावून शिवलीय म्हणून."

मामांची मिशी हलली. "मेंढरू काड."

तिनं अर्जाचा कागद उलटा केला, पेन काढलं आणि थांबली. "कुठल्या महिन्यातलं काढू मामा? उन्हाळ्यातलं का पावसाळ्यातलं? पोट वेगळं येईल."

मामांनी गॉगल काढला, पुसला, परत घातला. मग एकदम कानडीत काहीतरी बोलले. कळप घेऊन सीमेपलीकडं जाऊन जाऊन त्यांची कानडी चांगली सराईत होती. तीही कानडीत बोलू लागली. माझ्या घरी तेलुगू, संतोषकडं मराठी, आम्ही दोघं नुसते तोंडाकडं बघत बसलो. दहा मिनिटांनी मामा म्हणाले, "झालं. उद्यापासनं यील ती." आमच्या कंपनीतली पहिली नेमणूक अशी आम्हाला न कळणाऱ्या भाषेत झाली.

आम्हाला वाटलं, सुटलो. भाग्यश्री एक मेंढरू काढील, मी त्याच्या चाळीस प्रती करीन, की झाला कळप. सगळे गेमवाले असंच करतात. पण दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मामा, कुठलं काढू?" आणि मामा म्हणाले, "तलाठनीपासनं सुरू कर."

तेव्हा आम्हाला कळलं की त्या चाळिसांना नावं होती. तलाठीण गरजेच्या वेळी कधी जागेवर सापडायची नाही. झेडपी सगळ्यांच्या मागून उठायची. मास्तर नुसता उभा राहिला की बाकीची गप्प व्हायची. रेडिओ दिवसभर ओरडायची. विहीणबाई चांगला चारा सोडून दुसऱ्याच्या तोंडातला ओढायची. मामा डोळे मिटून एकेकीचं वर्णन करायचे, डाव्या कानाला किती फाटलंय, कुठल्या गुडघ्यावर केस नाहीत, आणि भाग्यश्री काढत जायची. काढून झालं की मामा स्क्रीनला नाक लावून बघायचे. कधी म्हणायचे, "हिला एवडा शानपना नव्हता." मग ती डोळे जरा भोळे करायची आणि मामांचा चेहरा खुलायचा.

पंधरा दिवसांत नऊ मेंढरं झाली. संतोषचा धीर सुटला. त्यानं मामांना न सांगता मुंबईच्या एका आर्टिस्टला काम दिलं. त्या आर्टिस्टनं एका दुपारात एका मेंढराची चाळीस करून पाठवली, कुणाचा कान बदल, कुणाचा रंग बदल. आम्ही कळप चालवून बघितला आणि मागं बघतो तर मामा उभे. चाळीस मेंढरं एकदम उजवा पाय उचलत होती, एकदम टेकवत होती.

"मेंढरं हाईत का पोलीस भरती?" मामांनी विचारलं. मग जवळ आले. "आन ह्ये एकच मेंढरू हाय. एकालाच चाळीस जागी कामाला लावलंय व्हय रं?"

संतोष वैतागला. "मामा, खेळणाऱ्याला काय कळतंय? कोण बघत बसतंय एवढं?"

मामा वळले. जिन्यावर जाऊन बसले आणि पेरांवर मोजू लागले. संतोषनं ती चाळीस मेंढरं पुसून टाकली. त्याचा तसा फार जीव होता मामांवर.

त्यानंतर तर आम्ही सगळेच मामांच्या हाताखाली आलो. लंगडी नावाच्या मेंढीची चाल भाग्यश्रीला जमेना. मामांनी स्वतः करून दाखवायचं ठरवलं आणि खाली हात टेकणार तोच जिन्यातून अक्का गरजल्या, "सिद्या! डॉक्टरनं वाकू नगं म्हनून सांगितलंय न्हवं? टाकं तुटलं म्हंजी?" मामा सरळ झाले. काठी संतोषकडं वळली. "संत्या, हो मेंढरू."

कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर अंगावर घोंगडं घेऊन फरशीवर रांगू लागले. मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरून ते टिपत होते. मामा काठीनं दाखवत होते, "मागचा डावा वड! वड की! आरं, तिला दुकतंय, तुला मजा वाटतीया!" भाग्यश्री भराभरा काढत होती. बंगळुरूच्या मॅडमचा कॉल चारला होता. त्या पावणेचारलाच आल्या, आणि मी कॅमेरा चालू करण्यासाठी नेमकी तीच मीटिंग उघडून ठेवली होती.

"हॅलो?" लॅपटॉप म्हणाला. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. संतोषचा एक पाय हवेत होता.

"इज धिस मोशन कॅप्चर?" मॅडमनी विचारलं. माणसाच्या हालचाली टिपून त्या चित्राला द्यायचं ते महागडं तंत्र.

"येस, मॅडम," घोंगडं म्हणालं.

"व्हेरी इम्प्रेसिव्ह. अँड द जंटलमन विथ द स्टिक?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आर्ट डायरेक्टर." तिथून तो हुद्दा मामांना कायमचा चिकटला. जिन्यातल्या अक्कांना मात्र 'डायरेक्टर'चं 'डॉक्टर' ऐकू आलं, त्यामुळं त्यांना अजून असं वाटतं की बंगळुरूचे लोक कॉम्प्युटरवर बघून डोळे तपासतात.

मग कामानं वेग घेतला. दाखवायच्या दिवसाला आठवडा उरला तेव्हा भाग्यश्रीची एकोणचाळीस मेंढरं तयार होती. तिनं विचारलं, "मामा, शेवटचं सांगा." मामांनी पेरं मोजली. परत मोजली. मग खाली जाऊन बसले. संध्याकाळी मी गेले तर तोंड उतरलेलं. "एकुनचाळीसच भरत्यात, पोरी. एक जातंय. कंचं जातंय त्येच कळंना."

दोन दिवस मामांनी थेंब चुकवले नाहीत, यावरून त्यांची अवस्था काय होती ते समजावं. जेवण नावाला. मुलाला फोन केला, त्याला काही आठवेना. ज्यानं कळप घेतला त्या व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "मामा, ती मेंढरं आता कुटली?" मामांनी फोन संतोषच्या हातात दिला. संतोष समजुतीनं म्हणाला, "मामा, तलाठीण दोनदा घालू." मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं त्यानंतर कुठलीच सूचना केली नाही. मला दाखवायची तारीख दिसत होती, आणि तरी त्या दोन दिवसांत मला तारखेपेक्षा मामांची काळजी जास्त वाटली.

तिसऱ्या दिवशी भाग्यश्री त्यांच्याजवळ पायरीवर बसली. "मामा, मागं कोण राहायचं?"

"तलाठीन. झेडपी."

"पुढं कोण पळायचं?"

"लगीनघाई. तिची पोरगी."

"पाण्याला कोण भ्यायचं?"

"मास्तर. लई भित्रा."

"मग तुमच्याजवळ कोण असायचं?"

काठी त्यांनी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. "जवळ एक हुती की. काठीच्या अंगाला. हाक मारायचं कामच पडलं न्हाय कदी तिला." गॉगलखालून पाणी आलं. "म्हनून नाव बी न्हाय तिला. एक दीस तरास दिला न्हाय, आन मी तिलाच इसरलो की गं."

भाग्यश्रीनं तिथंच बसून ती काढली. फाटका कान नाही, डाग नाही, काही खूण नाही. मामांनी स्क्रीनवर तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. "हीच," म्हणाले, आणि खाली जाऊन अक्कांना जेवायला वाढायला सांगितलं.

ही मेंढी कायम मेंढक्याच्या शेजारी चालते. पूर्ण गेममधला तो सगळ्यात सोपा कोड आहे, दोन ओळींचा. मी लिहिलेल्यांपैकी मला तोच सगळ्यात आवडतो.

बंगळुरूच्या मॅडमनी आमच्यासमोर, कॉलवर, गेम खेळून बघितला. एकोणचाळीस मेंढरं बाजाराच्या फाटकाशी आणली, आणि मग थांबल्या. "वन इज मिसिंग," म्हणाल्या आणि माघारी फिरल्या. तलाठीण कालव्याच्या सावलीत बसली होती. ती सापडेपर्यंत दिवस मावळला आणि मॅडम हरल्या. हसल्या, आणि कुणाला न विचारता परत पहिल्यापासून सुरू केलं. कंपनी वाचली. माझ्या बाबांनी पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही. संतोष मामांना फक्त म्हणाला, "बघतंय मामा. बघणारं बघतंय."

मामांचा दुसरा डोळा झाला आणि ते वाडीला गेले. जाताना आम्ही त्यांच्या मुलाच्या जुन्या फोनवर त्यांना गेम घालून दिला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी. संतोष आणि मी वाडीला गेलो होतो. मामा मेंढरांच्या रिकाम्या कुंपणाशी दगडावर बसले होते. गरज नव्हती तरी काळा गॉगल होताच. आर्ट डायरेक्टर झाल्यापासून तो उतरत नव्हता, असं त्यांची सून म्हणाली. फोन लांब धरून ते मेंढरं हाकत होते. मी मागं जाऊन उभी राहिले. सगळा कळप एकत्र होता, हायवे पार झाला होता, बाजाराचं फाटक समोर दिसत होतं. मामांनी अंगठा फिरवला आणि कळप माघारी वळवला.

"मामा, बाजार तिकडं आहे," मी म्हणाले.

"ठावं हाय की. एकदा जाऊन आलोय तितं."

मेंढरं माळाकडं निघाली. रेडिओ ओरडत होती. बिनानावाची ती काठीच्या अंगाला चालत होती. पडद्यावरचा दिवस मावळला आणि मोठी अक्षरं आली, 'तुम्ही हरलात'. हरल्यावर मेंढरं पुसायला हवी होती, पण आळसापोटी मी ती तशीच ठेवली होती. अक्षरांच्या मागं अंधारात ती उभी राहून रवंथ करत होती.

"मामा, हरलात," मी म्हणाले.

मामांनी ऐकलं का नाही कुणास ठाऊक. गॉगल कपाळावर चढवून, दोन्ही चांगल्या डोळ्यांनी ते अक्षरांमागं बघत होते आणि नखानं एकेक मोजत होते.

"हरू दे की," मोजून झाल्यावर म्हणाले. "चाळीस भरली."